बांधलेलं की जुळवलेलं

धुळ्याहून निघायचं, चाळीसगावला गाडी बदलायची आणि पाचोऱ्याला उतरायचं, हा माझा माहेरचा रस्ता. आता माहेर पाचोऱ्यात राहिलेलं नाही. गिरणेकाठच्या गावी जायला पुढे बैलगाडी लागते. परवा ती गाडी यायला उशीर होता, म्हणून पिशवी स्टेशनातल्या हमालाजवळ ठेवली आणि मालधक्क्याच्या मागे चालत गेले. आमचं घर होतं तिथे आता रूळ येऊन थांबतात. बाजूला कोळशाचा ढीग, त्याच्यावर उन्हात पसरलेली एक कुत्री. कडुनिंब तेवढा जागेवर आहे. घराचे पाय रोवले होते त्या जागा मी जमिनीत शोधल्या. खडी इतकी पसरली होती की काही कळेना. तेवढ्यात कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या बाजूने वारा आला, त्याला सरकीचा तेलकट वास होता, चुलीपाशी बसलं की खिडकीतून यायचा तसाच, आणि मी जिथे उभी होते तिथे आमचं स्वयंपाकघर असायचं हे एकदम लक्षात आलं.

आमचं घर जमिनीला टेकलेलं नव्हतं. लोखंडी पायांवर ते दोन हात उंच उभं होतं आणि खाली मोकळी, सावलीची जागा होती. तिथे कोंबड्या अंडी घालत, आम्ही भावंडं भातुकली मांडत असू. पायांना दरसाल डांबर फासायचं, वाळवी चढू नये म्हणून. त्या दिवसांत आमच्या फ्रॉकांवरचे काळे डाग काही केल्या निघत नसत. भिंती फळ्यांच्या, वर पत्रा, पुढे लाकडी जाळीची ओसरी. साऱ्या गावात मातीच्या भिंतींची, सपाट धाब्याची घरं. त्यांत आमचं एकट्याचं असं होतं. शाळेत पोरी चिडवायच्या, "तुमनं घर पार्सलनं ऊनं ना वं?" घर काय पार्सलने येतं, म्हणून मी भांडून घरी यायचे.

वैशाखात दुपारी पत्रा तडतडायचा. संध्याकाळी गार वारा सुटला की फळ्या एकेक करून करकरायच्या आणि आई म्हणायची, "घर आळस देतंय बघ." मालगाडी गेली की फडताळातली भांडी किणकिणायची, गाडी भरलेली आहे की रिकामी, ते आम्ही त्या आवाजावरून सांगायचो. आणि घराला एक वास होता. गोडसर, जरा उग्र, नाकात शिरणारा. माझे वडील, त्यांना सगळे भाऊ म्हणत आणि आम्हीही भाऊच म्हणायचो, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. तो वास त्यांच्या कपड्यांना लागून दवाखान्यातूनच येतो अशी माझी समजूत होती. भाऊ परगावी गेले तरी वास का येतो, हे मात्र कधी मनात आलं नाही.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या. रात्रंदिवस बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि वाऱ्यावर उडालेला कापूस आमच्या ओसरीच्या जाळीत अडकून बसायचा. चिमण्या तो ओढून न्यायच्या. थंडी पडली की अंगणात कापसाच्या काड्या पेटवून त्यांवर वांगी भाजायची, मग भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. श्रावणात कानबाई देवी बसायची ती आमच्याकडेच, कारण आमची जमीन फळ्यांची. बाया गाणी म्हणत फेर धरायला लागल्या की ती जमीन ढोलासारखी घुमायची. शेजारच्या आळीतल्या बाया खास त्यासाठी यायच्या. "शेणाच्या जमिनीवर पाय दुखतात, आवाज होत नाही," असं म्हणायच्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही ओसरीच्या वाशाला झोके बांधायचो. त्या दिवशी सकाळी भाऊ पितरांची घागर भरत. पाटावर घागर, तिच्यावर छोटा घट, वर खरबूज आणि सांजोरी. घागर भरून झाली की भाऊ हात जोडत आणि मग आम्हाला आबांची गोष्ट सांगत. आबा म्हणजे भाऊंचे वडील. जिनिंगमध्ये सुतार होते. भाऊ अगदी लहान असतानाच ते वारले. आबांनी यावलच्या पलीकडे सातपुड्यातून साग उतरवला, गाड्यांनी आणला, एकेक फळी स्वतः कापली, रंधा मारला आणि हे घर उभं केलं. जिनिंगचा गोरा साहेब तेव्हा त्यात राहायला आला. पुढे तो विलायतेला गेला तेव्हा घर ज्याच्या हातचं त्यालाच देऊन गेला. गोष्ट सांगताना भाऊ भिंतीवर हात ठेवून उभे राहत. त्यांची मोठी बहीण, आमची अक्का, त्या वेळी तिथेच तांदूळ निवडत बसलेली असायची. ती लहानपणीच विधवा होऊन परत आलेली, भावाला तिनेच वाढवलेलं. गोष्ट चालू असताना ती मान वर करत नसे.

माझं लग्न होऊन मी धुळ्याला गेले. दुसरी मोठी लढाई चालू होती. त्या वर्षी आखाजीला माहेरी आले तर घागर भरलेली होती, झोका बांधलेला होता, पण भाऊ गोष्ट सांगेनात. आईने मला आत बोलावून सांगितलं. घर आमचं असलं तरी जागा रेल्वेची होती, हे मला तेव्हाच कळलं. मालासाठी आणखी रूळ टाकायचे होते आणि पावसाळ्याच्या आत जागा मोकळी करून हवी होती. घराचं लाकूड, पत्रा आमचा. तो उचलून न्यायला कोणाची हरकत नव्हती.

"मग उचलून न्यायचं," मी म्हणाले. गिरणेकाठी आमचं थोडं शेत होतं, विहीर होती. तिथे घर उभं करता आलं असतं.

"ते रहीमचाचांना विचार," आई म्हणाली.

रहीमचाचा भाऊंचे लहानपणापासूनचे दोस्त, गावातले नावाजलेले मिस्त्री. आवाज मोठा आणि मत त्याहून ठाम. ते संध्याकाळी आले, ओसरीवर चहा घेतला आणि मला म्हणाले, "बेटी, सीधी गोष्ट आहे. काही घरं पेट्यांतून येतात. तुकडे, नंबर, बोल्ट. तसं जुळवलेलं असेल तर बोल्ट काढले की सुटतं. पण मिस्त्रीनं जागेवर कापून, ठोकून बांधलं असेल तर पहार लावावी लागेल. मग फळ्या फाटतील. जळण होईल."

"आणि आमचं?"

"तुझे बाबा सांगतात ना, आबांनी बांधलं म्हणून. मी पण बघतो तर सगळीकडे खिळेच खिळे. पहारच लागणार."

 मला भाऊंची कुचंबणा हळूहळू उमगली. घर वाचायचं तर ते पेट्यांतून आलेलं असायला हवं होतं. आणि ते पेट्यांतून आलं असेल, तर आबांची गोष्ट खोटी ठरत होती. त्यांना वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. फोटो नव्हता. त्यांच्याकडे आबा म्हणून जे होतं ते हे घरच. पोरी मला ज्या शब्दाने चिडवत होत्या तो शब्द खरा निघावा, अशी आता मी मनातून प्रार्थना करत होते, आणि भाऊंकडे बघायची मला चोरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ स्वतःच उठून दवाखान्यातली बोथट सुरी घेऊन आले. "चल," म्हणाले, "काय आहे ते बघून घेऊ."

आम्ही ओसरीच्या खांबापासून रंग खरवडायला लागलो. वर हिरवा रंग होता, माझ्या लग्नाचा. त्याखाली पांढरा, तो धाकट्या भावाच्या मुंजीत दिला होता आणि ओला असतानाच त्याने हात टेकला होता. त्याखाली एक तांबडा निघाला, तो मला आठवेना. भाऊ म्हणाले, "हा माझ्या लहानपणचा. अक्का मला याच खांबाला टेकवून दूध पाजायची." सुरीचं टोक शेवटी लाकडाला लागलं. फिकट पिवळं लाकूड, आणि त्यातून तो वास आला. घराचा वास. इतका ताजा की मी मागे सरकले. तो दवाखान्याचा नव्हताच.

रहीमचाचांनी नखाने ओरखडा काढला. "हा साग नाही, भाऊ. विलायती लाकूड आहे."

भाऊंच्या कपाळावर घाम आला होता. "मुंबईहून मागवलं असेल आबांनी. कापलं तर त्यांनीच ना?"

"असेल. लाकूड बाहेरचं, हात इथला. होतं असं पुष्कळदा," चाचा लगेच म्हणाले. दोस्ताचा चेहरा त्यांनी पाहिला असावा.

दुपारी सांध्यावर खूण सापडली, लाकडात ठसवलेला एक आकडा. मी आनंदाने ओरडले, तर चाचांनी मान हलवली. "खुणा मी पण करतो. कोणता वासा कुठे जायचा ते प्रत्येक मिस्त्री लिहून ठेवतो. याने काही ठरत नाही." पुन्हा सगळं होतं तिथेच आलं. आई आतून म्हणाली, "आधी जेवून घ्या, मग काय मोडायचं ते मोडा." स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. खिडकी उघडायला मी सवयीने स्टूल ओढलं.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तऱ्हेवाईक होती. तिची कडी वर, हात पोचणार नाही इतकी उंच. बाकीच्या खिडक्यांच्या कड्या खाली होत्या. भाऊ म्हणत, आबांनी मुद्दाम तशी केली, मुलांनी उघडून चुलीपाशी पडू नये म्हणून. आई जन्मभर त्या स्टुलावर चढत आली होती. मी चढले आणि कडीशेजारी बोट फिरवलं तर रंगाखाली काहीतरी खोलगट लागलं. सुरी मागितली, खरवडलं.

"भाऊ, इथे इंग्रजी अक्षर आहे. एम."

औषधांच्या बाटल्यांमुळे भाऊंना इंग्रजी अक्षरं चांगली ठाऊक होती. ते बाहेरच्या खोलीत गेले आणि तिथल्या खिडक्यांचा रंग खरवडल्याचा आवाज आला. बराच वेळ. मग ते दारात येऊन म्हणाले, "त्यांच्यावर डब्ल्यू आहे. सगळ्यांवर. खालच्या कोपऱ्यात." आणि माझ्या अक्षराकडे बघत उभे राहिले. त्यांची मान हळूहळू एका खांद्यावर कलली, मग आणखी कलली. मीही तशीच मान वाकडी केली. आईही.

तो एम नव्हता. तोही डब्ल्यूच होता. उलटा.

"खिडकी उलटी बसलीय," भाऊ म्हणाले.

ज्याने बनवली त्याने ती उलटी बसवली नसती. ज्याला ती तयार हातात मिळाली आणि ज्याला ते अक्षर येत नव्हतं, त्यानेच बसवली असणार.  रहीमचाचा बाहेर गेले. भाऊंनी खिडकीखालची सांध्यावरची पट्टी सुरीने उचकटली. तिला खिळे होते, पण ते नुसते पट्टीला होते. आत बोल्ट होता, रंगाने बुजलेला.

घर वाचलं होतं. भाऊ ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले आणि उन्हाकडे बघत राहिले. ताट वाढलेलं तसंच होतं.

मग अक्का उठली. ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पेट्यासमा ऊनं हाई घर, भाऊ. मी डोळासघाई दखेल शे."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. अक्का थांबत थांबत सांगत गेली. ती तेव्हा परकरातली पोर. मोठ्या मोठ्या पेट्या रेल्वेने आल्या, त्यांतल्या भुशात ती आणि दुसऱ्या पोरी लोळल्या. घर उभं करायला आलेला माणूस तापाने आजारी पडला, त्याला त्याच गाडीने परत नेलं. तुकडे माळावर पसरलेले, आभाळ भरून आलेलं. साहेबाने आबांना सांगितलं, तू सुतार आहेस, बघ काय होतंय.

"अक्षर तर त्यासले येत नव्हतं," अक्का म्हणाली. "सारखं सारखाले लावत गयात. चुकी गये तं पाडेत, परत लावेत. बठ्ठा गाव, सारा गाव हसे. आबाबी हसेत."

"मग सागाची गोष्ट?"

अक्काने शेजारच्या फळीवर हात टेकला. "आबा गयात तवय तू लहान व्हता. रोज विचारे, मना बाप कोठे शे? मी काय सांगू? मी भिंतवर तुना हात ठेवा नि सांगं, हाऊ तुना बाप. त्यानाच हातनं शे बठ्ठं." तिने नाक पुसलं. "मंग तू मोठा व्हयना. तुले ती गोष्ट इतकी गोड लागे, मना जीभवर दुसरं येच ना."

मी दारात उभी होते. भाऊ आता काय करतील याची मला भीती वाटत होती. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले आणि त्या कडीवर हात ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना.

"उलटी बसवली!" ते म्हणाले. "अगं, आबांनी खिडकी उलटी बसवली, आणि इतकी वर्षं आपण..." पुढे बोलताच येईना. आई हसली, मी हसले, पायरीवर अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. मग भाऊ खाली उतरले आणि अक्काला म्हणाले, "मला आतापर्यंत आबा म्हणजे देवासारखे वाटायचे. कधी चुकले नाहीत असे. आज पहिल्यांदा माणूस वाटले." त्या दिवशी ते पोटभर जेवले. आणि जेवता जेवता अक्काला विचारत राहिले, ते कसे हसायचे, चुकलं की काय म्हणायचे, पेट्यांचं पुढे काय झालं. अक्का आठवून आठवून सांगत होती. इतकी वर्षं एकाच गोष्टीच्या मागे झाकलेला माणूस त्या दुपारी तुकड्यातुकड्याने बाहेर येत होता.

घर उतरवायला रहीमचाचा आपल्या माणसांना घेऊन आले. घर ठोकून बांधलंय असं त्यांनीच सांगितलं होतं, ते त्यांच्या कोणी लक्षात आणून दिलं नाही, आणि तेही विसरले. सुटलेल्या प्रत्येक फळीवर त्यांनी गेरूने मराठी आकडे घातले. भिंती निघाल्या तसं त्यांच्या मागचं सगळं उजेडात आलं: धाकट्याची गोटी, आईची फणी, माझा एक पितळी डूल, ज्यासाठी मी मार खाल्ला होता, आणि वर्षानुवर्षं साठलेला कापूस, त्यात चिमण्यांची रिकामी घरटी. कापूस वाऱ्यावर उडाला आणि रुळांवर पसरला.

स्वयंपाकघराची खिडकी काढताना चाचांनी विचारलं, "भाऊ, ही तिकडे आहे तशीच बसवू ना? आबांची निशाणी."

भाऊ हो म्हणणार होते. पण आई पुढे झाली. "अजिबात नाही. सासऱ्यांचा मान मी जन्मभर स्टुलावर चढून राखला. आता ती सुलटी बसवा." भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बसवा सुलटी."

गिरणेकाठी घर उभं राहायला लागलं तेव्हा मला धुळ्याला परत जायचे दिवस आले होते. निघायच्या आदल्या दिवशी सांगाडा पुरा झाला. खांब, वासे, जमिनीच्या फळ्या, अर्धा पत्रा. भिंत एकही नाही. पुढचं दार मात्र भाऊंनी हट्टाने बसवून घेतलं होतं. त्या संध्याकाळी जेवण शेतातच केलं. आईने बाहेर तीन दगडांची चूल मांडली, भाऊंनी आम्हाला जागा नेमून दिल्या: ही तुमची खोली, हे माजघर, अक्का, तुझा कोपरा हा. अक्का नव्या जागेला यायला तयार नव्हती, शेवटच्या गाडीत तिला जवळजवळ उचलून बसवलं होतं. ती आपल्या कोपऱ्यात जाऊन पाय लांब करून बसली आणि कोणाशी बोलेना.

पलीकडच्या शेतातली एक म्हातारी ताक घेऊन आली. चारी बाजू उघड्या, हवं तिथून आत येता आलं असतं. पण ती घराला वळसा घालून पुढे गेली, चपला पायरीशी काढल्या आणि दार ढकलून आत आली. तिच्या मागून तिचा मुलगा, मग सून, सगळे दारातूनच. भाऊ उभे राहिले, "या, या, घरात या," म्हणाले. म्हातारीने इकडे तिकडे पाहिलं. चहूकडे नांगरलेलं रान, वर आभाळ, मध्ये आम्ही ओळीने जेवायला बसलेले. "चांगलं शे," ती म्हणाली. "हवा खेळती शे."

तेवढ्यात नदीकडून वारा सुटला. चुलीची ज्योत आडवी झाली, पत्रावळी उडायला लागल्या. अक्काने पदर कानावरून घट्ट ओढून घेतला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"दार लाव वं पोरी," ती मला म्हणाली. "वारा येस ना."

कोणी हसलं नाही. मी हात धुतले, उठले आणि दार लावून घेतलं.